पान एक्कावन्न

१

मृणालिनी कर्णिकचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीने लपवलं. एकतीस वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विशेष संग्रहाचा विभाग सांभाळला. जुनी हस्तलिखितं, पत्रव्यवहार, पत्रकं, कोणाकोणाच्या माळ्यावरून आलेल्या ट्रंका, सगळं माझ्या हातून गेलं. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती मला मिळणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मिळाली मृणालिनीला. जिला पुस्तकाच्या नोंदीचं साधं कार्ड कसं लिहायचं ते मी शिकवलं, तिला. मी सहायक म्हणून लागले आणि सहायक म्हणूनच निवृत्त झाले. त्याला सहा वर्षं झाली. आता गिरगावातल्या दोन खोल्यांत बसून पेपरात तिचे फोटो बघते.

त्यामुळे बुधवारी सकाळी तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "नलूताई, मोठ्या अडचणीत आहे, येता का?" तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

परळला पोचले तर विभागात सगळे सुतक असल्यासारखे बसलेले. मृणालिनी तिच्या, म्हणजे माझ्या व्हायला हव्या होत्या त्या, केबिनमध्ये होती. समोर राजरत्न गमरे उभा. एकोणतीस वर्षांचा, तीन वर्षं कंत्राटावर काम करणारा, बोलायला मोजका. आमच्याकडे असा एक तरी असतो जो जेवायच्या सुट्टीतही कागद वाचत बसतो. हा त्यातला.

"गमरे संग्रहातली नववी वही गेली," मृणालिनी म्हणाली.

बुधाजी गमरे म्हणजे राजरत्नचे आजोबा. काळाचौकीच्या चाळीत राहायचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे, आणि संध्याकाळी जलशात स्वतःची गाणी म्हणायचे. त्यांच्या चौदा वह्या. राजरत्नची आई कौसल्या, म्हणजे बुधाजींची सून, तिने त्या तीस वर्षं ट्रंकेत जपल्या, चाळ पाडली तेव्हा संक्रमण शिबिरात डोक्यावरून नेल्या, आणि गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयाला दिल्या. त्यांची यादी राजरत्ननेच केली होती. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचं प्रदर्शन होतं आणि काचेच्या पेटीत मधोमध नववी वही उघडून ठेवायची होती.

शुक्रवारीच सकाळी अकरा वाजता राजरत्नची मुलाखत होती. कायम नोकरीची. अशी जागा दहा-बारा वर्षांत एकदा निघते.

"वह्या त्याच्या ताब्यात होत्या," मृणालिनी म्हणाली. "शुक्रवारी दहापर्यंत वही मिळाली नाही तर मला कुलसचिवांना लेखी द्यावं लागेल. मग यादीतून नाव जाईल त्याचं. आणि चोरीचा डाग लागलेल्या माणसाला पुन्हा कोण बोलावतंय?"

मी विचारलं, "चौदा वह्यांची पेटी ना? मग आता तेरा उरल्या?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "मोजल्या तर चौदाच भरतात. कोणीतरी नववी काढून तिच्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी वही ठेवली आहे."

२

आतल्या खोलीत आम्ही दोघं बसलो. प्रत्येक वही पांढऱ्या जाड कागदाच्या घडीत होती, घडीवर पेन्सिलीने क्रमांक. नवव्या घडीतून त्याने वही काढून माझ्यासमोर ठेवली. तशीच जुनी, त्याच मापाची, पाठीला लाल कापड. आत निळ्या शाईत गाणी. ज्यावर नाव असायचं ते पहिलं पान काढून टाकलेलं. वाचक सोडा, मलासुद्धा फरक कळला नसता.

"तुला कसं कळलं?"

"मंगळवारी प्रदर्शनासाठी पान निवडायला उघडली. ही गाणी आजोबांची नाहीत. आणि त्यांच्या बाकी तेरा वह्या निळ्या शाईत आहेत, पण नववी एकटी पेन्सिलीत आहे. संपात बावीस दिवस कोठडीत होते, तिथे शाई कोण देणार?"

"हे पेन्सिलीचं कोणाला माहीत आहे?"

"मला आणि आईला. यादीत तो रकाना भरायचा राहिलाय."

मी चष्मा पुसला आणि माझी जुनी युक्ती केली. आता ही गोष्ट बाहेर सांगू नये, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकावर दिसेल असा शिक्का असतो, तसाच एक न दिसणाराही असतो. आतल्या एका ठरलेल्या पानावर, कोपऱ्यात. कोणी पहिलं-शेवटचं पान फाडून पुस्तक पळवलं तरी त्या गुप्त पानावरून ते आपलं आहे हे कळतं. आमचं गुप्त पान होतं एक्कावन्न. मी वहीची पानं मोजली. एक्कावन्नाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात जांभळा लंबगोल शिक्का होता. शाई ताजी होती.

"हा बघ शिक्का," मी म्हटलं. "म्हणजे बाहेरच्या चोराचं काम नाही हे. ज्याने केलं त्याला आपलं पान माहीत आहे."

राजरत्न जरा घुटमळला. "मॅडम, रागावू नका. पान आता तेवीस आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षापासून. कर्णिक मॅडमनी बदललं. फक्त त्यांना आणि मला माहीत आहे. आजोबांच्या चौदाही वह्यांवर मी तेवीसवरच शिक्का मारलाय."

मला कोणी सांगितलंही नव्हतं. सांगायचं कारण नव्हतं हे मला कळतं, पण एकतीस वर्षांचं पान, एका शब्दाने कळवावं की नाही माणसाने? कानशिलं तापली माझी. मग जरा थंड झाल्यावर डोकं चालायला लागलं. ज्याने हा शिक्का मारला त्याला जुनं पान ठाऊक होतं आणि नवं ठाऊक नव्हतं. राजरत्नला नवं पाठ होतं, त्याने दुसऱ्याच पानावर शिक्का मारून स्वतःच बोभाटा कशाला केला असता?

"जुनं पान माहीत असलेली माणसं किती उरली?" त्याने विचारलं.

मी बोटांवर मोजलं. मृणालिनी. डॉक्टर पुष्कर बिवलकर, संशोधक, जो कॉलेजात असताना दोन वर्षं आमच्याकडे अर्धवेळ शिक्के मारायला होता. आमचे बांधणीकार अप्पा घाडी, ज्यांनी माझ्याबरोबर पंचवीस वर्षं काढली.

"आणि चौथी मी," मी म्हटलं. तो हसला नाही.

३

पुष्कर सोमवारी वाचनकक्षात गमरे संग्रह बघून गेला होता, म्हणून त्याला आधी गाठलं. तो शिवाजी पार्कला राहतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर सापडतो. मैदानात क्रिकेटची नेट लागलेली, पुष्कर आणि मी तिकडे पाठ करून बसलो. त्याला मी एवढंच सांगितलं की नववी वही हरवली आहे. तिच्या जागी दुसरी आली आहे हे आम्हा तिघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"सोमवारपर्यंत तरी होती," तो लगेच म्हणाला. "मी स्वतः वाचलीये. संपावरचं लांब कवन आहे तिच्यात, सभेचं वर्णन वगैरे."

"चांगलं आहे?"

"रॉ आहे, पण डॉक्युमेंट म्हणून इम्पॉर्टंट."

"अक्षर लागलं का रे? मला तर हल्ली जुनं अक्षर दिसतच नाही."

"निळी शाई थोडी पसरलीये, पण सवयीने लागतं."

मी पर्समधली श्रीखंडाची गोळी काढून तोंडात टाकली, म्हणजे बोलायला लागू नये. तो मात्र सुटला. "स्पष्ट बोलू का नलूताई? घरातल्याच माणसाने नेली असणार. लोक देऊन टाकतात आणि मग पस्तावतात. आता म्हणे राजरत्न स्वतः वह्यांचं संपादन करणार. सहा वर्षं मी ह्या विषयावर घासतोय. दोन पेपर लिहिले. आणि ह्यांच्या घरात ट्रंक होती, म्हणून हे एक्सपर्ट. मला वही बघायला मिळते ती ह्याच्या परवानगीने, ह्याच्यासमोर बसून, पेन बाहेर ठेवून, पेन्सिल घेऊन. शाळेतल्या पोरासारखं."

त्याचा आवाज चिरका झाला होता. हा आवाज मला परका नाही. मी मृणालिनीबद्दल बोलायला लागले की माझी बहीण म्हणते, नलू, हळू बोल, शेजारी ऐकतात.

घरी येताना बसमध्ये मी हिशोब लावला. पुष्करने वही वाचली नव्हती. कवनाची माहिती राजरत्नच्या यादीतून उचललेली. पण वही त्याने हातात धरली होती, कारण निळी शाई त्याने पाहिली होती, आणि निळी शाई खोट्या वहीत होती. त्यानेच बदलली असती तर खऱ्या वहीची पेन्सिल त्याला माहीत असती, आणि निळ्या शाईचं नाव त्याने काढलं नसतं. शिवाय वाचनकक्षात डोक्यावर कॅमेरा, आणि शिक्का ठेवलेला आतल्या खोलीच्या कपाटात, जिथे वाचकाला पाऊल टाकता येत नाही.

म्हणजे पुष्कर सुटला. आणि वही सोमवारच्या आधीच बदलली गेली होती. मी राजरत्नला फोन करून किल्लीचं रजिस्टर बघायला सांगितलं, शुक्रवार ते सोमवार.

पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "शनिवारी अप्पा नवीन पेटी घेऊन आले होते, त्यांनी वह्या पेटीत बसवून दिल्या. त्यानंतर रविवारी, अकरा ते दोन." तो थांबला. "रविवारी सुट्टी असते ना मॅडम. सही कर्णिक मॅडमची आहे."

४

गुरुवारी सकाळी मी आठवणीने चांगली साडी नेसले. कशाला ते समजून घ्या.

मृणालिनीच्या केबिनचं दार मी आतून लावून घेतलं आणि विचारलं, "रविवारी तीन तास काय करत होतीस?"

तिचा चेहरा उतरला. मी इतकी वर्षं तो उतरलेला बघायची वाट बघितली होती. तिने ड्रॉवरमधून प्रदर्शनाच्या पुस्तिकेचं प्रूफ काढून माझ्यासमोर सरकवलं. वर छापलं होतं, संपादन आणि प्रस्तावना, डॉ. मृणालिनी कर्णिक. खाली बारीक अक्षरात, साहाय्य, राजरत्न गमरे.

"प्रस्तावना त्याची आहे," ती म्हणाली. "बारा पानं. रविवारी इथे बसून मी ती चार वेळा वाचली. मला असं लिहिता येत नाही, नलूताई. वीस वर्षांत कधी आलं नाही. कुलगुरू मीटिंगमध्ये मला विचारतात, तुमचा तो गमरे काय म्हणतो? स्टाफला अडलं की ते म्हणतात, नलूताईंना विचारूया. मला कोण विचारतं? म्हणून मी त्याचं नाव खाली सरकवलं. झालं समाधान? पण पेटीला मी हात लावला नाही."

"किल्ली तर घेतलीस."

"प्रस्तावना आतल्या कॉम्प्युटरवर होती म्हणून."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. सगळं जुळत होतं. तिला राजरत्न डोळ्यांत खुपत होता हे तिनेच सांगितलं. खोली तिच्या हातात, शिक्का तिच्या हातात, सुट्टीचा दिवस. आणि एक्कावन्न? ते पान तिने बदललं खरं, पण त्याआधी वीस वर्षं ती माझ्याबरोबर एक्कावन्नवरच शिक्का मारत आली. घाईत हात जुन्या पानावर गेला असेल. असा हात जातो. निवृत्त झाल्यावर चार महिने मी परळच्या बसस्टॉपवर जाऊन उभी राहायचे.

मनात म्हटलं, नलू, सापडली. पर्समधून पॅड काढलं आणि बाकावर बसूनच कुलसचिवांना पत्र लिहायला घेतलं. विभागप्रमुखाचं नाव लिहिताना अक्षर किती वळणदार आलं माझं.

५

पत्रात वहीचं वर्णन द्यायला हवं, म्हणून मी आत जाऊन ती पुन्हा उघडली. आकार, पानं, बांधणी, असं एकेक लिहीत गेले. पहिलं पान काढलेलं, असं लिहिलं आणि पेन थांबलं.

शिवलेल्या वहीत पान एकटं नसतं. एका कागदाची मधे घडी घालून दोन पानं होतात, दोरा त्या घडीतून जातो. पुढचं पान फाडलं की मागे कुठेतरी त्याचं जोडपान सुटं पडतं, आणि चार दिवसांत गळून हातात येतं. पान फाडणाऱ्या माणसाला हे कधीच सुचत नाही. मी मोजून जोडपानावर गेले. ते सुटलेलं नव्हतं. कडेला कागदाची दोऱ्याएवढी पट्टी लावून अगदी बेमालूम चिकटवलं होतं, आणि पट्टीच्या काठाला फिकट निळसर झाक होती. मैद्याच्या खळीत मोरचूद घातला की येते ती. कसर लागू नये म्हणून घालतात. हल्लीचे लोक तयार डिंक वापरतात. मोरचुदाची खळ आमच्याकडे एकच माणूस शिजवतो.

मृणालिनीला बांधणीतलं काही कळत नाही. तिने पान काढलं असतं तर टराटरा फाडलं असतं. मी बाकावर लिहिलेलं पत्र हातात धरून बसले होते. ते खरं नव्हतं, आणि खरं असावं असं मला फार वाटत होतं. शेवटी फाडलं.

अप्पांना नवं पान माहीत असायचं कारणच नव्हतं. नवे संग्रह बांधणीकडे जात नाहीत. शनिवारी पेटीत वह्या बसवायला ते आत एकटे होते; राजरत्नला विचारलं, तर तो तेवढ्यात कुलगुरूंच्या ऑफिसात गेला होता. पण अप्पा कशाला? दोन महिन्यांनी निवृत्त होणारा माणूस, दुसऱ्याची वही नेऊन करणार काय?

मग मला भलतीच शंका आली. नेलेल्या वहीपेक्षा ठेवलेली वही कोणाची, हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. मी राजरत्नला नाकारलेल्या देणग्यांची फाईल काढायला लावली. लोक काय काय घेऊन येतात, सगळंच ठेवून घेता येत नाही. नाकारलेल्याची एका ओळीत नोंद करायची, ही पद्धत मीच घालून दिली होती. वीस मिनिटांत कागद सापडला. एकोणीसशे नव्व्याण्णव. श्री. दत्ताराम भिवा घाडी यांनी देऊ केलेली, वडिलांच्या गाण्यांची एक वही. किरकोळ. स्वीकारू नये.

खाली सही माझी होती.

मला तो दिवस आठवला. अप्पा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून वही घेऊन आले होते. मी कोणा मोठ्या पाहुण्यांच्या गडबडीत. म्हटलं, ठेवा अप्पा, बघते. आठ दिवसांनी परत दिली. सुतळीची गाठ त्यांनी मारली होती तशीच होती.

६

लालबागला अप्पांच्या चाळीखाली मसाला कांडप आहे. जिना चढेपर्यंत मला शिंका थांबेनात. बुधवारपासून ते रजेवर होते. दार त्यांनीच उघडलं आणि मला बघून बाजूला झाले. चहा ठेवायला निघाले तर मी म्हटलं, बसा.

"पान एक्कावन्न, अप्पा. आता तेवीस आहे."

"तेवीस?" ते म्हणाले. "माका कोणी सांगूक नाय." आणि मग हळूच, "तुमका?"

"मलाही नाही."

कपाटातून त्यांनी दोन पुठ्ठ्यांमधे मलमलीत गुंडाळलेली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. उघडून बघितली. पेन्सिलीतलं अक्षर, काही जागी पुसट, पण एकही पान दुमडलेलं नव्हतं. उलट एक उसवलेली घडी त्यांनी शिवून दिली होती.

"प्रदर्शन होईपर्यंतच," ते म्हणाले. "चार दिवस. मग परत ठेवणार होतो. शनिवारी माप घेतला, तर नववी आणि बापाशीची वही एका मापाची. मधल्या काचेत नववीच ठेवणार हे मी ऐकलेलं. म्हटलं, राहूंदे म्हाताऱ्याला चार दिवस काचेत. नाव नसलं तरी चालेल. बुधाजी गेटवर गायचा तसा माझा बापूसपण गायचा बाई. एकाच गिरणीच्या गेटवर. त्याच्या वह्यांना पेट्या मी बनवायच्या, मापं मी घ्यायची, आणि माझ्या बापाची वही ह्या कपाटात."

"मग शिक्का कशाला मारलात? तो नसता तर मी तुमच्यापर्यंत आलेच नसते."

"शिक्क्याशिवाय आत गेल्यासारखी वाटली नाय," अप्पा म्हणाले.

मी विचारलं, "कोणालाच कळणार नाही असं कसं वाटलं तुम्हाला?"

"तुम्हा लोकांना सगळ्या वह्या सारख्याच दिसतात, असं वाटलेलं. माझी तुम्ही उघडलीसुद्धा नव्हती." हे त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं नाही. "तो पोरगा एकेक ओळ वाचून बसलाय हे काय ठाऊक? मंगळवारी कळलं की त्याच्यावर आलं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पेन्शनच्या भीतीने गप्प बसलो. आणि खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. त्याच्या आज्याचं एवढं होतंय, जरा अडलं तर अडलं."

"उद्या दहाच्या आत तुम्ही स्वतः वही घेऊन यायचं," मी म्हटलं. "अकराला त्याची मुलाखत आहे. तुम्ही आला नाहीत तर मी सांगेन, आणि माझ्या सहीचा कागद बरोबर लावीन."

ते येतील की नाही, मला खात्री नव्हती. घरी गेल्यावर मी मृणालिनीला फोन केला नाही. तिला एक रात्र तशीच जाऊ दिली. हे मी बरं केलं नाही.

७

शुक्रवारी साडेनऊला अप्पा आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. वही त्यांनी मृणालिनीच्या टेबलावर ठेवली आणि कबुली लेखी दिली. मी माझा कागद पुढे केला. मृणालिनीने तो वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि कुलसचिवांना फोन लावला की वही मिळाली, राजरत्न गमरे यांचा काही संबंध नाही, यादीत नाव राहू द्या. अप्पांना उरलेले दोन महिने सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि चौकशीचं पत्र हातात दिलं. पेन्शन लांबली. तेवढं व्हायलाच हवं होतं.

राजरत्न दारात उभा होता. अप्पांनी हात जोडले तर तो म्हणाला, "तुम्ही माझ्या आजोबांना पेटीतून काढलंत. ते कोठडीत बसून लिहीत होते, त्यांना पुन्हा कपाटात कोंडलंत. माझी आई मंगळवारपासून नीट जेवलेली नाही. आणि तुम्ही रजा टाकून घरी बसलात."

"तू म्हणतस ता खरा आसा," अप्पा म्हणाले.

"मला तुमच्याशी बोलायचं नाही," तो म्हणाला, आणि मुलाखतीला गेला.

नोकरी त्याला मिळाली. प्रदर्शनही झालं. पुस्तिका पहिलं पान बदलून छापली होती, नाव वर त्याचं. मृणालिनीने तिची प्रत स्वतः माझ्या हातात आणून दिली. मला अजूनही तिचा हेवा वाटतो, पण आता तिच्याशी बोलताना साडी बघून नेसत नाही.

तीन आठवड्यांनी राजरत्नचा फोन आला, या म्हणून. त्याच्या टेबलावर घाडींची वही होती आणि तिच्यावर देणगीचा कोरा फॉर्म. "अप्पांना मी अर्ज करायला लावला आहे," तो म्हणाला. "माझा राग गेलेला नाही. पण ह्या वहीने माझं काही वाकडं केलं नव्हतं. घ्यायची की नाही ते परीक्षकाच्या शेऱ्यावर ठरेल, आणि परीक्षक तुम्ही. एकच अट आहे मॅडम. वाचल्याशिवाय शेरा लिहायचा नाही."

मी सकाळी दहाला बसले आणि चारला उठले. एक्केचाळीस गाणी. प्रत्येक दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांपूर्वी हे काम एका दिवसाचं होतं.

बाहेरच्या बाकावर अप्पा बसले होते. आत यायची त्यांना मनाई होती. दुपारभर तिथेच होते, डबासुद्धा उघडला नव्हता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, आणि त्यांनी ते ओळखलं असतं.

"अप्पा, सदतीस गाणी बेताची आहेत," मी म्हटलं. "ओढून ताणून यमकं आहेत, तेच तेच आहे. पण चार फार चांगली आहेत. त्या चारसाठी वही घ्यायला हवी, असा शेरा मी लिहिलाय."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. राग येईल, रडतील, काहीही होईल असं वाटत होतं. अप्पांनी बाकावरचा डबा उचलून पलीकडे ठेवला आणि माझ्यासाठी जागा केली.

"कुठली चार?" त्यांनी विचारलं.